गिऱ्ह्याचा केस : दुसऱ्या भागाच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सांगली

आमच्या भुताच्या चित्रपटाचा दुसरा भाग करायचा हे आज पक्कं झालं. कामापुरतं नाव ‘गिऱ्हा २’.

पहिल्या भागात गिऱ्हा पाण्यातून येतो, नावानं हाका मारतो, माणसाला डोहात ओढतो. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, पोरं किंचाळली, बायका हसता हसता पदर तोंडाशी धरून बसल्या. पण आता तो सगळ्यांच्या ओळखीचा झालाय, आणि ओळखीच्या भुताला कोण भितं? अशा वेळी बहुतेक जण मुडदे वाढवतात आणि भूत दुप्पट मोठं करतात. आपण तसं करायचं नाही. आपल्याकडच्या लोककथेनंच पुढची गोष्ट तयार ठेवलीय.

गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्या किंवा मारून टाकलेल्या माणसाचं भूत. वस्ती पाण्यात, चाकरी वेताळाची. त्याच्या डोक्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो गुलाम होतो, मागेल ते आणून देतो. मात्र तो केस परत मागत राहतो. एकदा का मिळाला, की मालकाचं वाटोळं ठरलेलं. शंभर वर्षांमागं छापलेल्या लोकविद्येच्या नोंदींतही हे सगळं असंच आहे. पहिल्या भागात गोष्टीतल्या काकूनं केस जात्याच्या पाळूखाली (वरच्या दगडाखाली) दाबून टाकला होता. म्हणजे दुसऱ्या भागाचा प्रश्न एकच : केस परत कोण देतं आणि का?

७ ऑक्टोबर

रात्री धागा सापडला. वाडा पाडतात, जातं विकलं जातं, हायवेवरच्या एका हॉटेलात शोभेला जाऊन बसतं. जुन्या जात्यांची, उखळांची अशी विक्री सगळीकडं चाललीय, त्यामुळं हे कुणाला पटवून द्यायला लागणार नाही. शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न. हळद दळायला जातं हवं, म्हणून नवरीची मावशी तेच जातं मागून आणते. जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात, ओव्या सुरू होतात आणि पाळूखालून केस बाहेर येतो.

लग्नघर मिळालं म्हणजे माणसं, दिवे, गाणी, गोंधळ आयता मिळाला. गिऱ्ह्याला आणखी काय पाहिजे!

१४ ऑक्टोबर

नदीकाठ बघून आलो. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, चिंचेची झाडं. संध्याकाळी पाण्याला जो शिशासारखा रंग चढतो तो कुठल्याही दिव्यानं येणार नाही. लांबचे शॉट इथंच घ्यायचे.

पण नदीत एकाही माणसाला उतरवायचं नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, आणि आपलं शूटिंग नेमकं हिवाळ्यात. आमच्यातल्या एका उत्साही पोरानं विचारलं, “एकच डुबकी मारली तर काय हुतंय?” तात्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. विषय संपला. पाण्यातला गिऱ्हा दुसरीकडं कुठंतरी उभा करावा लागणार.

२७ ऑक्टोबर

डोक्याचं काम. हे जरा सविस्तर लिहून ठेवतो, पुढं कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिल्या भागातलं डोकं प्लास्टर ऑफ पॅरिसचं होतं. ते घालून माणसाला मान वळवता येत नसे. या वेळी मिरजेला गेलो. तंबोरे, सतारी घडवणाऱ्या कारागिरांकडं तडा गेलेले, वाद्याला न चालणारे भोपळे पडलेले असतात. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. साल लाकडासारखी टणक, आतून सगळं पोकळ, वजन जवळजवळ नाहीच. कारागीर काकांना कशासाठी पाहिजे ते सांगितलं. त्यांनी दोन-तीन भोपळ्यांवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि एक बाजूला काढला. म्हणाले, “ह्यो वाजत न्हाई. पर भुताला चालंल.” मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीतल्या टाकाऊ भोपळ्यातून आपलं भूत निघतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

भोपळा आडवा कापला. वरचा भाग कवटी, खालचा जबडा. सांध्याला दाराची छोटी बिजागरी, आतून रबरी पट्टा. घालणाऱ्यानं हनुवटी खाली केली की जबडा उघडतो, सोडली की खटकन मिटतो. वर कागदाचे थर, मैद्याच्या खळीनं. खळीत चिमूटभर मोरचूद घातलंय, बुकबाइंडर घालतात तसं, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असल्यानं माणसाच्या चेहऱ्याला टेकणारी आतली बाजू कापड चिकटवून बंद केली. केसांना घायपाताचा वाख (पानांतले तंतू), काळा रंगवून. तो भिजला की बटा जड होऊन लोंबतात, काथ्यासारख्या फुलत नाहीत.

डोळे म्हणजे सायकलचे लाल रिफ्लेक्टर, गोल कापलेले. रिफ्लेक्टर आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून छोटा दिवा लेन्सला अगदी खेटून लावायचा. बाजूला उभ्या माणसाला काहीच दिसत नाही, पण कॅमेऱ्यात डोळे पेटतात. गिऱ्ह्यानं मान फिरवली की विझतात, परत कॅमेऱ्याकडं बघितलं की पेटतात. ना बॅटरी, ना वायर.

दाजी गिऱ्हा करणार. तालमीत घडलेली मान, वजन पेलतील यात शंका नव्हती. डोकं घालून अंगणात फिरले तेव्हा शेजारचं कुत्रं आधी भुंकलं आणि मग गप जाऊन ओट्याखाली बसलं.

५ नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं. आज त्रिपुरी पौर्णिमाही होती, घाटावर दिवे लागले होते.

तालीम मुद्दाम आजच ठेवली, कारण आपल्या चित्रपटातला गिऱ्हा कोणत्या घराण्यातला आहे ते सगळ्यांना सांगायचं होतं. रबरी पोशाख घातलेलं भूत म्हटलं की लोकांना वाटतं परदेशी सिनेमाची नक्कल. अजिबात नाही. भाव्यांच्या वळणाच्या पौराणिक खेळांत राक्षस “अलल्लडुर्र” करत यायचे, तलवारी फिरवत, नाचत. समोरची पोरं आयांच्या कुशीत शिरायची, आणि त्याच राक्षसाला पुन्हा बघायला दुसऱ्या खेळाला यायची. भीती आणि मौज तेव्हा वेगळ्या पंगतीला बसत नव्हत्या. राक्षस आहे हे कळावं म्हणूनच तो राक्षसासारखा यायचा. आडोशाला सावली दाखवून भागवणं हा त्याचा धर्मच नव्हे.

म्हणून आमचा गिऱ्हा पूर्ण दिसणार. भोपळ्याचं डोकं, घायपाताचे केस, सगळं उजेडात. आणि मंगल कार्यालयातला त्याचा पहिला प्रवेश “अलल्लडुर्र”नंच होणार. दाजींनी आज ती आरोळी दिली, पोटातून. भाच्यानं हातातला चहा सांडला. तालमीतलं बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

११ नोव्हेंबर

आज काम कमी, बोलणं जास्त. बोलायलाच पाहिजे होतं.

बुडून मेलेल्या माणसाचं भूत सांगली जिल्ह्यात दाखवतोय आपण. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या घरांतलं कुणीतरी आपला चित्रपट बघणारच. म्हणून ठरलं : चित्रपटात पूर नाही. पुराचं एकही दृश्य नाही, बातम्यांतलं काही उचलायचं नाही. आमचा गिऱ्हा पेशव्यांच्या काळातला, मारून नदीत टाकलेला एक सावकाराचा कारकून आहे. पहिल्याच मिनिटात ते सांगून टाकायचं.

दुसरं म्हणजे मांत्रिक नाही. कुणी लिंबू उतरवणार नाही, कुणाच्या अंगातलं काढायला मारहाण होणार नाही, कुठल्याही बाईला चेटकीण म्हटलं जाणार नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्यासाठी आयुष्य घालवलेले नरेंद्र दाभोलकर शेजारच्या साताऱ्याचे, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. या मुलखात भुताची गोष्ट सांगणाऱ्याला एवढं भान हवंच. भूत गोष्टीतलं असावं आणि गोष्टीतच राहावं. गिऱ्ह्याशी जे काही करायचं ते लग्नघरातली माणसं स्वतःच्या अकलेनं करतील.

ग्रामपंचायतीकडं आणि पोलिसांकडं रात्रीच्या शूटिंगचे अर्ज दिले. अर्जात ‘भयपट’ असंच लिहिलं.

१९ नोव्हेंबर

रक्त. पहिल्या भागात काकवीत खायचा लाल रंग घालून भागवलं होतं. दिसायला उत्तम, पण मुंग्यांनी सेट ताब्यात घेतला. या वेळी सांगलीला शोभेल अशी युक्ती आहे : हळदीचं रक्त.

हळदीतला पिवळा घटक अल्कलीला लागला की लाल होतो. पूर्वी कुंकू याच मार्गानं व्हायचं. हळद लागलेल्या कपड्याला साबण लावल्यावर डाग लाल पडतो, तेही हेच. तर नवरदेवाच्या भावानं हळदीनं माखलेला पांढरा सदरा घातलाय. गिऱ्हा मागून येतो आणि ओला पंजा त्याच्या पाठीवर ठेवतो. पंजा रबरी हातमोज्याचा, चुन्याच्या निवळीत बुडवलेला. निवळी पाण्यासारखी स्वच्छ असते, त्यामुळं हात कोरा दिसतो. पंजा उचलला की पाठीवर पाचही बोटं लालभडक उमटतात. कट नाही, संगणकाची करामत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल होतं.

करताना लक्षात आलेलं :

निवळी कातडीला आणि डोळ्यांना भाजते. सदऱ्याच्या आत जाड प्लास्टिक शिवलं, पंजा कधीच कॉलरच्या वर न्यायचा नाही, आणि साध्या पाण्याची बादली हाताशी ठेवायची. दिवा पांढराच पाहिजे, पिवळ्या दिव्याखाली लाल मरतो आणि विटकरी दिसतो. रंग वाळला की तपकिरीकडं जातो, म्हणून शॉट लगेच. पुन्हा घ्यायचा असेल तर लिंबू पिळायचं, ओल्या डागाचा बराचसा पिवळा परत येतो.

आमच्या काकूंनी सदरा उजेडात धरून बघितला. “अगं बया,” एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच दुसरा सदरा हळदीत भिजवायला घेतला.

२५ नोव्हेंबर

नदीकाठच्या वस्तीतल्या एका आजींकडं गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी गिऱ्ह्याची गोष्ट सासूकडून ऐकलेली. पटकथेतला केस मागण्याचा प्रसंग वाचून दाखवला. आमच्यात गिऱ्हा डरकाळी फोडून केस मागतो.

आजींनी थांबवलं. “आरं, त्यो वरडत न्हाई. गुलाम हाय न्हवं त्यो? मालकिणीम्होरं कसा वरडंल? रडतोय त्यो. पाण्यात थंडी वाजती म्हंतोय. रोज येतोय, रोज रडतोय.”

मी वही मिटली. अख्खा दुसरा भाग या वाक्यात आहे. पहिल्या भागात गिऱ्हा मारत होता. दुसऱ्यात तो विनवणी करणार. नवरीला त्याची दया येणार, केस ती राजीखुशीनं देणार, आणि तिथून पुढं मंगल कार्यालयात जे व्हायचं ते होणार. कपटापायी किंवा लोभापायी केस दिला तर प्रेक्षक म्हणणार, भोगा आता. दयेपोटी दिला तर काय म्हणणार?

आजींनाच विचारलं, गिऱ्ह्याचा रडका आवाज द्याल का. हसल्या. म्हणाल्या, सुनेला विचारून सांगते.

२८ नोव्हेंबर

सून हो म्हणाली.

केसाचाही प्रश्न सुटला. खरा केस कॅमेऱ्यात दिसतच नाही. मिरजेहून तंबोऱ्याची बारीक पोलादी तार आणली, मेणबत्तीच्या काजळीत काळी केली. मागून उजेड टाकला की तारेची कड चमकते आणि बोटांतून सोडली की स्वतःहून वळते. बघणाऱ्याला ती जिवंत वाटते.

जात्यावर म्हणायला ओवीही लिहून झाली :

दळण दळीते बाई, पिठाखाली काळी रेघ
नदीकडच्या वाटंनं कोण ओलं येतंय बघ

४ डिसेंबर

पाणी सापडलं, तेही गुऱ्हाळात. ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळ यंदा बंद आहे, काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) रिकामी पडून आहे. त्यांनी आनंदानं दिली.

काहील रुंदीला भरपूर, खोलीला माणूस आडवा झाला की जेमतेम झाकेल एवढी. पण कॅमेरा काठाला टेकवून पाण्याच्या पातळीला आणला आणि कडा चौकटीबाहेर ठेवल्या, की खोली कुणाला कळत नाही. पाण्यात काळा पोस्टर रंग. मागच्या बाजूला एकच दिवा, खाली, म्हणजे पाठीमागचं सगळं काळोखात जातं आणि फक्त पाण्याची पाठ चकाकते. झाला डोह.

डिसेंबरच्या पहाटे दाजींना गार पाण्यात झोपवणार कसं? तात्या म्हणाले, “आरं, खाली चुलवाण हाय की!” चुलवाणात चिपाडं घालून पाणी कोमट केलं, मग जाळ पूर्ण विझवला, राख ओढून काढली, काहिलीच्या तळाला आणि कडेला हात लावून बघितला, आणि मगच दाजी आत गेले. पण खरी कमाई पुढंच झाली. कोमट पाणी आणि बाहेर कडाक्याची थंडी, त्यामुळं पाण्यावरून वाफ उठायला लागली. पातळ, जमिनीलगत सरकणारी, वाऱ्याबरोबर वळणारी. धुराचं यंत्र भाड्यानं आणायचं ठरलं होतं, तो खर्च वाचला. वाफेतून आधी घायपाताचे केस वर आले, मग कवटी, मग डोळे पेटले. कॅमेऱ्यामागं कुणी बोललं नाही. बोलायचं नव्हतंच, आवाजाचं रेकॉर्डिंग चालू होतं.

९ डिसेंबर

गिऱ्ह्याची चाल. भुताचे पाय उलटे असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. रबरी उलटे पाय करून बघितले, दाजी अडखळायला लागले. त्याऐवजी त्यांना नदीकाठच्या वाटेवर उलटं चालायला लावलं आणि चित्रण उलटं फिरवलं. आता ते पुढं येतात, पण अंगाचा तोल भलत्याच पायावर जातो. डोक्यावरून निथळणारं पाणी जमिनीवरून उडून केसांत परत शिरतं. हे आधी ठरवलेलं नव्हतं. मॉनिटरवर दिसलं तेव्हा भाच्यानं माझा दंड धरला.

रात्रीचे लांबचे शॉट भर उन्हात उरकले. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) ३२०० केल्विनला, उजेड दोन स्टॉप खाली (म्हणजे पाव), आभाळ चौकटीतून वगळलेलं. ऊन चांदण्यासारखं निळं पडतं. पाण्यावरची उन्हाची तिरीप मात्र उघडं पाडते, तिकडं पाठ करून कॅमेरा लावायचा.

१८ डिसेंबर

आवाजाचं काम. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेवर व्हायोलिनचा गज ओढला. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) पुढंमागं सरकवला की तीच तार कधी घोगरी होते, कधी माशी अडकल्यासारखी भणभणते. रेकॉर्ड करून एक सप्तक खाली आणलं. गिऱ्हा जवळ असला की हा आवाज असेल, दुसरं पार्श्वसंगीत नाही.

आजी आल्या होत्या, नातवाच्या मोटारसायकलवरून. माईकसमोर बसल्या, चष्मा काढला आणि रडक्या आवाजात म्हणाल्या, “दे की गं माज्या बाय… एवढाच तर हाय माजा.” दाजी आत येऊन ऐकत उभे होते. भोपळ्याच्या त्या डोक्यातून हा आवाज येणार, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, “मी गुडघ्यावर बसून मागतो. उभ्यानं नगं.”

२ जानेवारी २०२६

केस देण्याचा प्रसंग झाला. नवरीच्या हाताला हळद, पायाशी जातं. गिऱ्हा दाराच्या बाहेर, गुडघ्यावर, उंबऱ्याच्या आत येत नाही. ती मूठ उघडते. तारेचं एक टोक तिच्या बोटाला वेढा घालून राहतं, तो ते हलक्या हातानं सोडवतो. मग उठतो. तो उठायला लागला की जबडा खटकन मिटतो. हा आवाज दाजींनी नेमक्या क्षणी काढला.

त्यानंतरचा सगळा धुमाकूळ (मांडव, आचारी, बँडवाले, चुन्याचे पंजे, “अलल्लडुर्र”) ठरल्याप्रमाणं झाला. मशालीवर राळ टाकून उठवलेला भडका वेगळा घेतला : कॅमेरा तिपाईवर पक्का, आधी माणसांसह एक शॉट, मग माणसं लांब पाठवून, वाळूच्या बादल्या जवळ ठेवून फक्त जाळ. संपादनात दोन्ही एकावर एक. सगळ्यांनी जीव ओतून काम केलं. बँडवाले खरे बँडवालेच होते, मरताना सुद्धा क्लॅरिनेट सोडत नव्हते, आणि तेच ठेवलंय.

१७ जानेवारी

कच्चं संकलन ओळखीच्या लोकांना दाखवलं. पोरांनी पंज्याच्या शॉटला शिट्ट्या मारल्या आणि परत लावायला सांगितला. बँडवाल्यांच्या मरणाला हशा, आम्हाला हवा होता तसाच.

पण चर्चा रंगली केसावर. काकूंचं म्हणणं, पोरीनं द्यायला नको होता. आमच्या मावशी म्हणाल्या, “दाराशी येऊन असं कुणी रडल्यावर तू न्हाई दिलास?” काकू म्हणाल्या, “दिला असता. म्हणूनच म्हंती, द्यायला नगो हुता.” तात्या मध्ये पडले, दोघींनी त्यांना गप केलं. चहा झाला तरी वाद चालूच.

१९ जानेवारी

ठरलेले बदल. नवरी मूठ उघडते तो शॉट लांबवायचा. तिच्या चेहऱ्यावर विचार दिसतो, तो आधी कापला गेला होता. त्या वेळी खर्जाची तारही बंद, फक्त मागच्या मांडवातल्या ओव्या. आचाऱ्याचा पाठलाग निम्मा करायचा, रेंगाळतोय. सुरुवातीच्या पाटीत पेशवाई आणि कारकून हे शब्द मोठ्या अक्षरात.

आजींना पडद्यावर नाव कसं हवंय ते विचारायचं राहिलंय. भाचा उद्या जाऊन येईल, जाताना ध्वनिफीत पेन ड्राइव्हवर घेऊन जाईल म्हणजे त्यांना घरी ऐकवता येईल.